कोरा गुडघा

रविवारी सकाळी नऊ वाजता काटेसाहेबांनी घरातल्या सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं आणि आपल्या हातापायांची वाटणी जाहीर केली.

"उजवं कोपर एक नंबरच्या औषधाला. डावं कोपर दोन नंबरच्या. उजवा गुडघा तीन नंबरला. डावा गुडघा कोरा."

"कोरा म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याला काहीही लावायचं नाही. तेल नाही, मलम नाही, साधी फुंकरसुद्धा नाही. बाकीच्या तिघांची तुलना त्याच्याशी करायची."

"अगंबाई! त्या गुडघ्यानं कुणाचं काय वाईट केलंय?"

काटेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हतं. ते वजनमापे निरीक्षक होते. बाजारातले तराजू, पेट्रोलचे पंप, दुधाची मापं तपासण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती आणि त्यामुळे ऑफिसनं त्यांना हे नाव बहाल केलं होतं. ते त्यांना मनापासून आवडायचं. जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात, तपासलेल्या आणि न तपासलेल्या, असं त्यांचं मत होतं. लग्नाच्या वेळी त्यांनी अंगठीसुद्धा स्वतः वजन करून घेतली होती.

फक्त एक गोष्ट त्यांच्या मापात कधी बसली नव्हती. चौदा वर्षांपासून त्यांना सोरायसिस होता. दोन्ही कोपरं आणि दोन्ही गुडघे यांच्यावर चार लालसर चट्टे, वर पांढरे खवले, आणि ऐन महत्त्वाच्या क्षणी उठणारी खाज. आजार संसर्गाचा नाही, हे ते भेटेल त्याला सांगायचे. पण महिन्यापूर्वी एका किराणा दुकानदारानं, साहेबांनी तपासून परत दिलेलं वजन हातात घेण्याआधी हळूच फडक्यानं पुसलं. काटेसाहेबांनी ते पाहिलं. शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून पुढच्या दुकानात गेले. पण त्या दिवशी ते जेवले मात्र अर्धंच.

त्यातच खात्याचा आदेश आला. दोन महिन्यांनी निरीक्षकांना नवा गणवेश मिळणार होता. अर्ध्या बाह्यांचा.

आता औषधांची घरात कमतरता नव्हती. सासूबाईंचा कडू पाल्याचा लेप होता. त्या गेली सहा वर्षं लेकीकडेच राहत होत्या आणि त्या लेपावर त्यांची अढळ श्रद्धा होती. खालच्या मजल्यावर राहणारा मेहुणा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्याकडे एका मित्रानं दिलेलं पिवळं मलम होतं. त्यात काय आहे हे त्या मित्रालाही माहीत नव्हतं, आणि मेहुण्याच्या मते हीच त्याची खरी ताकद होती. आणि तिसरं, बायकोनं आग्रह करून दाखवलेल्या त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी लिहून दिलेलं मलम. ते रोज एकदा, न चुकता लावायचं होतं. काटेसाहेबांनी आजवर यातलं प्रत्येक औषध लावून पाहिलं होतं. प्रत्येक वेळी आठवड्याभरात फरक दिसेना, म्हणून सोडूनही दिलं होतं.

"चौदा वर्षं मी चुकत होतो," ते बैठकीत म्हणाले. "एका वेळी एक औषध तपासत होतो. चार चट्टे आहेत, तीन औषधं आहेत. एकदम लावू. दोन महिन्यांत निकाल."

"भावोजी, निकाल मी आत्ताच सांगतो," मेहुणा म्हणाला. "कोपर म्हणजे काय? सांधा. गुडघा म्हणजे? सांधाच. सांधा म्हटला की त्याला वंगण लागतं. आमच्या धंद्यातलं साधं गणित आहे."

"तुझं वंगण राहू दे तुझ्या लिफ्टला," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या लेपानं तुझी लहानपणची खरूज गेली होती, विसरलास?"

"ती गेली नाही आई. मी मोठा झालो."

काटेसाहेबांनी हात वर करून दोघांना थांबवलं. त्यांची एक अट होती. कुठल्या डबीत कुठलं औषध आहे, हे खुद्द त्यांनाही कळता कामा नये. कळलं तर मन एका बाजूला झुकतं आणि झुकलेल्या मनाचा काटा खोटा दाखवतो. म्हणून तिन्ही औषधं एकसारख्या पांढऱ्या डब्यांत भरण्याचं काम बायकोकडे सोपवलं गेलं. ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. डब्या आणि चिकटपट्ट्या तिच्याकडे होत्याच, आणि मुख्य म्हणजे तिला गप्प राहता यायचं.

"आणि एक लक्षात ठेवा," काटेसाहेब उठता उठता म्हणाले. "प्रयोगात कुणी हस्तक्षेप केला, तर त्याचं औषध बाद. कायमचं. या घरात त्याचं नाव निघणार नाही."

संध्याकाळी त्यांच्या टेबलावर तीन डब्या होत्या. त्यांनी तिन्ही उघडल्या.

"सगळी पांढरीच कशी?"

"ओळखू येता कामा नयेत असं तुम्हीच म्हणालात ना?" बायको म्हणाली. "दिली पांढऱ्या क्रीममध्ये कालवून."

काटेसाहेबांना या उत्तरात बायकोची हुशारी दिसली. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

त्यानंतर सासूबाईंनी लेकीला स्वयंपाकघरात गाठलं. "मला तरी सांग, माझी डबी कुठली?"

"एक नंबर," बायको म्हणाली.

थोड्या वेळानं जिन्यात भावानं अडवलं. "ताई, खरं सांग, माझं कुठलं?"

"एक नंबर," ती म्हणाली आणि भाजीची पिशवी घेऊन वर गेली.

प्रयोग सुरू झाला आणि घराला नवं वळण लागलं. काटेसाहेब सकाळी अंघोळीनंतर आरशासमोर उभे राहून तिन्ही डब्या क्रमानं लावायचे आणि तक्त्यावर बरोबरची खूण करायचे. दर रविवारी बायको चट्ट्यांचे फोटो काढायची, शेजारी पट्टी धरून. मोजणी मात्र ते स्वतः करत. त्यासाठी त्यांनी ऑफिसातला, मिलिमीटरचा दहावा भाग दाखवणारा कॅलिपर घरी आणला होता. पहिल्या रविवारी उजवं कोपर एकसष्ट मिलिमीटर भरलं. दुसऱ्या रविवारीही एकसष्टच.

"सोडून देताय का?" बायकोनं विचारलं.

"सोडून? प्रयोग आहे हा! मध्येच कसा सोडणार?"

बायकोनं मान डोलावली आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

तिसऱ्या रविवारी काटा हलला. उजवं कोपर अठ्ठावन्न. डावं कोपर एकोणसाठ. उजव्या गुडघ्याचे खवले गळू लागले होते. काटेसाहेबांनी चष्मा पुसला आणि डाव्या गुडघ्याकडे, म्हणजे कोऱ्या गुडघ्याकडे वळले. त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. कॅलिपर शून्यावर आणून तपासला आणि तिसऱ्यांदा मोजलं.

"किती?" मेहुण्याकडून राहवेना.

"चव्वेचाळीस," काटेसाहेब म्हणाले. "पासष्टवरून चव्वेचाळीस."

सासूबाई एकदम उठून, दूध उतू जातंय का बघायला गेल्या. दूध फ्रीजमध्ये होतं. मेहुण्याला लिफ्टचा फोन आला, पण तो वाजल्याचं कुणी ऐकलं नाही. बायको तेवढी त्या गुडघ्याकडे टक लावून बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला होता, की जणू गणिताचं उत्तर तिला आधीच ठाऊक होतं आणि फळ्यावर भलतंच उतरलं होतं.

पाचव्या रविवारी कोरा गुडघा कोरा करकरीत झाला. चट्टा नाही, खवले नाहीत, फक्त जरा गुलाबी त्वचा. औषधं लावलेले बाकी तिघे बरे होत होते, पण त्याच्या मागे, रांगेत उभे असल्यासारखे.

दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. काटेसाहेब गोंधळणाऱ्यांतले नव्हते. मापानं दाखवलं ते खरं. त्यांनी त्याच आठवड्यात बसून नऊ पानांचा अहवाल लिहिला. शीर्षक होतं 'अनुपचार: एक मोजलेले सत्य'. निष्कर्ष दोन ओळींचा होता. काही न करणे हाच या विकारावरचा सर्वांत प्रभावी उपाय. औषधांमुळे बरे होण्यास विलंब लागतो.

अहवाल त्यांनी ऑफिसात डबा खायच्या सुट्टीत वाचून दाखवला. शेवटी टेबलावर पाय ठेवून पँट गुडघ्यापर्यंत वर केली. मानेवर नायटा असलेल्या हेडक्लार्कनं त्याच दिवशी आपलं मलम कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. ऑफिसच्या मोठ्या साहेबांना कोंड्याचा त्रास होता; त्यांनी औषधी शाम्पू बंद केला. साहेब तर पुढेच गेले. त्यांना त्या तत्त्वाची खोली जाणवली. तक्रारींच्या साठ फायली त्यांनी कपाटात नीट लावून ठेवल्या आणि म्हणाले, "हात लावू नका. आपोआप सुकतात."

दोन आठवड्यांत हेडक्लार्कचा नायटा मानेवरून कानामागे गेला आणि तिथून गालावर यायच्या तयारीला लागला. साहेबांच्या खांद्यांवर कोंड्याचा थर जमू लागला. फायलींतल्या तक्रारदारांपैकी चौघं जण स्वतः येऊन साहेबांच्या दारात बसले.

"काटेसाहेब, हे वाढतंय हो," हेडक्लार्क म्हणाला. मान तिरकी धरूनच.

"धीर धरा. तुम्ही पूर्णपणे काहीच करत नसाल. थोडंसं काहीतरी होत असेल तुमच्याकडून."

"रात्री झोपेत खाजवतो."

"बघा! हस्तक्षेप!"

पण आता त्यांना या शोधावर तज्ज्ञाची सही हवी होती. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर त्यांनी डॉक्टरबाईंची वेळ घेतली. सामान म्हणून तक्ते, फोटो, कॅलिपर आणि लाखेनं मोहोर लावलेल्या तीन डब्या बरोबर घेतल्या. आणि पंच म्हणून घरातले तिघंही. पंचांशिवाय त्यांनी आयुष्यात एकही तपासणी केली नव्हती.

"मी कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "माझे पाय दुखतात."

"आई, तुम्ही ज्येष्ठ पंच आहात."

मेहुण्यानं तीन लिफ्टा बंद पडल्याचं सांगून पाहिलं. शेवटी चौघंही रिक्षातून निघाले. तक्त्यांची गुंडाळी मेहुण्याच्या मांडीवर होती.

डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी काटेसाहेबांची सगळी कहाणी ऐकून घेतली, मध्ये एकदाही न थांबवता. मग कोपरं पाहिली, गुडघे पाहिले, डाव्या गुडघ्यावरून बोट फिरवलं आणि खाली वाकून बराच वेळ तिथंच रेंगाळल्या.

"याला काही लावलं नाही म्हणता?"

"एक कणही नाही."

"या गुडघ्याला औषध लागलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि गरजेपेक्षा जास्त लागलंय. कडेची त्वचा बघा, कशी पातळ, चकचकीत झालीय. डब्या दाखवा."

काटेसाहेबांनी पंचांसमक्ष मोहोर फोडली. डॉक्टरबाईंनी पहिली डबी हुंगली, थोडं मलम बोटावर चोळलं. दुसरी हुंगली. तिसरीकडे त्यांनी नुसतं पाहिलं.

"तिन्ही एकच आहेत. हे मी दिलेलं मलम आहे."

काटेसाहेबांनी मान वळवली. सावकाश, तराजूचा काटा वळावा तशी. बायको पदराशी चाळा करत बसलेली नव्हती. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"हो," ती म्हणाली. "तिन्ही डब्यांत तेच भरलं."

"फसवणूक!"

"चौदा वर्षांत तुम्ही एक औषध आठ दिवसांपलीकडे लावलं नाहीत. मी सांगितलं असतं, आजपासून रोज लावा, तर लावलं असतंत? प्रयोग म्हटल्यावर मात्र एक दिवस चुकवणार नाही, हे मला माहीत होतं. छप्पन्न खुणा आहेत तुमच्या तक्त्यावर. छप्पन्नच्या छप्पन्न."

"म्हणजे एक नंबरमध्ये माझा लेप नव्हता?" सासूबाईंचा आवाज चढला.

"एक नंबर माझा होता!" मेहुणा म्हणाला.

मायलेक एकमेकांकडे बघू लागले. काटेसाहेबांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता, आणि तो त्यांनी सव्वीस वर्षांच्या सरावानं विचारला.

"डब्यांचं समजलं. पण डाव्या गुडघ्यापर्यंत माल पोहोचला कसा?"

"तेच मलाही कळत नाहीये," बायको म्हणाली. "त्या गुडघ्यानं माझी झोप उडवली होती."

मग सासूबाईंनी घसा साफ केला.

"संध्याकाळी पेपर वाचता वाचता तुमचा डोळा लागतो ना, जावईबापू. पाय स्टुलावर असतात. तिघांचे लाड चाललेत आणि हा एकटा बिचारा पोरका. मला बघवेना. मी आपलं एक नंबरमधलं बोटभर… रोज. मला वाटलं माझाच लेप आहे, अपाय होणार नाही."

"रोज?"

"एखादा दिवस चुकला असेल."

डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "बरं. पण तेवढ्यानं एवढं होणार नाही. आणखी कुणी?"

मेहुणा खुर्चीच्या दांड्याचा स्क्रू तपासत होता. बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं तसा तो सरळ बसला.

"भावोजी, रागावू नका. मला फक्त सिद्ध करायचं होतं की माझं मलम कुठलाही चट्टा घालवतं. मोकळा गुडघा तेवढा एकच होता. तुमच्या अंगाला मी हात लावला नाही. तुमचा पायजमा दोरीवर वाळत असतो ना, त्याच्या डाव्या पायाला आतून एक नंबरमधलं थोडं फासायचो. आम्ही लिफ्टच्या रुळाला लावतो तसं."

"तरीच तो पायजमा धुतला की साबणाला फेस येत नव्हता!" बायको म्हणाली.

"आणि कबूल का केलं नाहीस?" काटेसाहेबांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, हस्तक्षेप केला तर औषध बाद. म्हणून जिंकूनही गप्प बसलो."

"मीही," सासूबाई म्हणाल्या.

काटेसाहेब उभे राहिले. आता ते बोलणार, आणि बोलणार म्हणजे पूर्ण खटला चालवणार, हे सगळ्यांना कळलं. एकाच घरात तीन गुन्हे. एकीनं माल बदलला, दोघांनी मापात हात घातला. त्यांनी तर्जनी वर केली. डॉक्टरबाईंनी मात्र आपल्या कागदावरचा हिशेब त्यांच्यापुढे सरकवला.

"संध्याकाळचं बोट एक. पायजम्याचं अर्धं धरू. तरी दिवसातून एक वेळ कमी पडतेय. ही त्वचा सांगतेय की इथं दुपारीही काहीतरी लागत होतं. दुपारी तुम्ही कुठं असता?"

"ऑफिसात," काटेसाहेब म्हणाले.

"ऑफिसात तुमच्या गुडघ्याला कोण हात लावतं?"

तर्जनी थोडा वेळ हवेत तशीच राहिली. मग तिनं चष्मा वर सरकवला, उगाचच कान खाजवला आणि शेवटी खाली आली. काटेसाहेब बसले.

"दुपारी दोननंतर त्याला फार खाज सुटायची," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "बाकीचे तिघे शांत, आणि हा जीव घ्यायचा. एकदा भर तपासणीत, पेट्रोलचा पंप चालू असताना… तेव्हापासून तीन नंबरमधलं थोडं एका छोट्या डबीत घेऊन जायचो. बाथरूममध्ये दार लावून. अगदी थोडं. वाटाण्याएवढं."

"आणि अहवालात 'एक कणही नाही' लिहिलंत?" बायकोनं विचारलं.

"वाटाणा म्हणजे कण नव्हे," ते म्हणाले. पण त्यांचा त्यांनाच तो युक्तिवाद वजनाला कमी वाटला.

पहिल्यांदा हसू फुटलं ते डॉक्टरबाईंना. मग बायकोला. मेहुणा तर तक्त्यांच्या गुंडाळीत तोंड खुपसून हसत होता. काटेसाहेबांनी बराच वेळ चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला, पण स्वतःच्या गुलाबी गुडघ्याकडे नजर गेली आणि तेही गडगडले. इतके हसले की बाहेर बसलेल्या रुग्णांनी आत डोकावून पाहिलं.

"आता नीट ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजार गेलेला नाही, आटोक्यात आलाय. पुन्हा डोकं वर काढू शकतो. मलम एकदाच, पातळ, मी सांगेन तोवर. डाव्या गुडघ्याला पंधरा दिवस फक्त त्वचा मऊ ठेवणारं साधं क्रीम. आणि तुमच्या त्या हेडक्लार्कना माझ्याकडे उद्याच पाठवा. नायटा न मोजता बरा होतो."

काटेसाहेबांनी अहवालाची नऊ पानं मध्यावर फाडली. मग ते कागद बायकोपुढे धरून, फाडल्याच्या ठिकाणी तिची सही घेतली. "पंच लागतातच," ते म्हणाले. त्यांना हलकं वाटत होतं. अर्ध्या बाह्यांचा गणवेश घरी इस्त्री होऊन टांगलेला होता आणि आता तो घालायला त्यांना कुणाचीही परवानगी नको होती, दुकानदाराची तर नाहीच नाही.

मेहुणा रिक्षा थांबवायला पुढे गेला. बायको औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर पडली. काटेसाहेब टेबलावरचे फोटो गोळा करत होते. सासूबाई दारापर्यंत गेल्या, थांबल्या, दार आतून लोटून घेतलं आणि परत येऊन खुर्चीच्या कडेला बसल्या.

"आता आलेच आहे, तर," त्या म्हणाल्या आणि ब्लाउजची कोपराखाली येणारी बाही त्यांनी हळूच वर सरकवली. "एवढं जरा बघता का?"

काटेसाहेबांच्या हातातले फोटो खाली पडले. तोच लालसर चट्टा होता, तेच पांढरे खवले. कॅलिपर न लावताही त्यांना दिसलं की तो त्यांच्या कुठल्याही चट्ट्यापेक्षा मोठा आहे.

डॉक्टरबाईंनी दिवा जवळ ओढला. "किती वर्षं झाली?"

"एकतीस."

"आणि लावता काय?"

"लेप. माझाच. रोज दोन वेळा, न चुकता."

"गुण येतो?"

सासूबाईंनी जावयाकडे एकदा पाहिलं, पदर सावरला आणि पाठ ताठ केली.

"येतोय की," त्या म्हणाल्या. "हळूहळू."